पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

शिगम्याचे दिवस होते. फाल्गुनी पौर्णिमा उलटली, ढोल-ताशांचा आवाज वाड्यावाड्यांतून येऊ लागला, की आमच्या पेडण्यात आणि पलीकडे डिचोली-सत्तरीत कुणाचा पाय घरात ठरत नाही. हेडमास्तर झाले म्हणून काही कान बंद होत नाहीत. मीही दरवर्षी घोडेमोडणी पाहायला जातो. बेळगाव, निपाणी, बीदरकडच्या ज्या वाचकांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाचणाऱ्याच्या कमरेला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधलेला असतो, त्याला पुढे लाकडी घोड्याचे तोंड, अंगावर रंगीत झूल. पायांत घुंगरू, डोक्यावर फुलांनी सजवलेला मुकुटासारखा साज, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात नंगी तलवार. ढोलाच्या ठेक्यावर हा स्वार पुढे झेपावतो, मागे सरतो, गर्रकन वळतो. पाय माणसाचे असतात, पण पाहणाऱ्याला थोड्या वेळाने घोडाच दिसू लागतो.

त्या दिवशी खेळ संपल्यावर एक स्वार घाम पुसत माझ्याकडे आला. घोडा त्याने अजून कमरेवरून उतरवला नव्हता. माझ्याच शाळेतल्या आठवीतल्या एका मुलीचा हा बाप. खासगी बसवर कंडक्टर आहे. तिकडे किनाऱ्याच्या बाजूला कुणीतरी घोडेस्वारीचे वर्ग सुरू केले होते आणि मुलीने घरात तोच एक ध्यास घेतला होता. तो म्हणाला, "सर, चेडवाक घोड्यार बसपाक शिकपाचें आसा. पयशे घालचे काय नाका?" महिन्याच्या फीचा आकडा त्याने जरा आवाज उतरवून सांगितला. मलाही तो ऐकताना आवाज उतरवावासा वाटला.

मी विचारले, तिला हे वेड कुठून लागले? तो हसला. म्हणाला, घोडेमोडणीत आपल्याला का घेत नाहीत म्हणून ती लहानपणापासून भांडते. मुलगे आणि बाप्येच नाचतात, मुलींना तो घोडा मिळत नाही. मग ती म्हणाली, लाकडी देत नसाल तर खरा द्या.

या मुलीला काय उत्तर द्यायचे? "सांगतो दोन दिवसांनी" असे म्हणून मी वेळ मारून नेली. इतिहासात एम.ए. झालेल्या माणसाची ही जुनी खोड. कुणी वर्तमानकाळातला प्रश्न विचारला की तो कपाटाकडे वळतो.

खरे तर माझ्या स्वतःच्या अनुभवावरून मी तिथल्या तिथे 'नको' म्हणणार होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. मुलांनी आग्रह केला म्हणून पैसे मोजून घोड्यावर बसलो. घोडेवाल्याने दोर धरून शंभर पावले नेले, मग कुणी नवे गिऱ्हाईक दिसले म्हणून दोर सोडून तो तिकडे गेला. माझ्या वाहनाने सरळ एका कणीसवालीच्या टोपलीकडे मोहरा वळवला आणि मान खाली घातली. मान खाली गेली त्याबरोबर मीही खाली गेलो. साठ विद्यार्थ्यांसमोर. त्यानंतर पानिपताचा धडा शिकवताना मागच्या बाकावर खसखस पिकली की मला कारण विचारावे लागत नसे. पण त्या दिवशी मी पैसे दिले होते ते चक्कर मारण्याचे, शिकण्याचे नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला कपाटातली पुस्तके काढल्यावर जास्त नीट कळले.

आपल्या किनाऱ्यावर घोडा हा कधीच घरचा प्राणी नव्हता. दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, जांभ्या दगडाची जमीन. इथे म्हैस सुखाने राहते, घोडा राहत नाही. त्याला आणावा लागे अरबस्तानातून आणि इराणी आखातातून, गलबतात घालून. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी या किनाऱ्यांविषयी लिहून गेला आहे. आपल्या कोकणातल्या ठाण्याच्या राजाची त्याने सांगितलेली हकिगत वाचून हसावे की रडावे कळत नाही. त्या राजाने समुद्रावरच्या चाच्यांशी करारच केला होता. लुटीतला बाकीचा माल तुमचा, पण घोडे सापडले तर ते माझे! राज्यात घोडे नाहीत, म्हणून राजा चोरांचा भागीदार झाला.

त्याहून मोठी गोष्ट पोलोने खालच्या तामिळ किनाऱ्याबद्दल लिहिली आहे. तिथला राजा आणि त्याचे भाऊ मिळून वर्षाला हजारो घोडे विकत घेत. एकेका घोड्याला शंभर मार्क चांदीहून अधिक मोलाचे सोने पडे. आणि वर्ष संपता संपता त्यांतले शंभरसुद्धा जिवंत राहत नसत. का? तर घोड्यांची निगा राखणारा, नाल मारणारा, औषधपाणी जाणणारा माणूस तिथे कुणी नव्हता. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालत. घोडे आणणारे व्यापारी असे जाणकार बरोबर आणीत नसत, आणि दुसरे कुणी येऊ लागले तर त्यांना येऊ देत नसत. घोडे मेले की पुढच्या वर्षी नवे विकता येत. पोलोच्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा घ्यायच्या नसतात, पण वस्साफ या इराणी इतिहासकारानेही याच व्यापाराबद्दल लिहिले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका घोड्याची किंमत २२० सोन्याचे दिनार ठरलेली होती, आणि वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे राजाच्या तिजोरीतून द्यायचे, असा करार होता.

ही खोड पुढे दोनशे वर्षे टिकली. विजयनगरला राहून गेलेला फेर्नाव नुनिश हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांच्या व्यापारातला. त्याने साळुव नरसिंहाबद्दल लिहिले आहे की हा राजा हजार परदावांना तीन या भावाने घोडे घेई, मेलेले असोत की जिवंत. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. मी वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा मुलांना ती फार आवडते. एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, मग एकाच घोड्याची शेपटी चार तुकडे करून दाखवली असती तर?" व्यापाऱ्याचे डोके म्हणतात ते हेच. आता हा मुलगा म्हापशाला मोबाईलच्या दुकानात आहे.

या सगळ्या सोन्याचा एक मोठा प्रवाह आपल्या गोव्यातून वाहत होता. गोव्याचे बंदर म्हणजे घोड्याचे बंदर. १४७२ मध्ये बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने गोवा घेतला, तो स्वतः मूळचा व्यापारी. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क आला, आणि गोवा हाती राहिला तर दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना दोघांनाही घोड्यासाठी आपल्याच दारी यावे लागेल हे त्याने ओळखले. १५४७ मध्ये विजयनगरच्या सदाशिवरायाशी पोर्तुगीजांनी जो तह केला त्यात गोव्यातले घोडे विजयनगरलाच मिळावेत हे कलम मुद्दाम घातलेले आहे. १५६५ मध्ये तालीकोटच्या लढाईत विजयनगर बुडाले आणि गोव्याच्या या व्यापाराचे कंबरडे मोडले. तरी १५८०च्या दशकात लिन्स्खोटेन हा डच माणूस गोव्यात होता तेव्हा जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर रोज सकाळी जो लिलाव भरे, त्यात अरबी घोडे विकायला उभे असत. त्याच लिलावात माणसेही विकली जात. गोव्याच्या वैभवाचे वर्णन करताना हे वाक्य गाळायचे नसते, असे मी माझ्या शिक्षकांना सांगतो.

आणि गंमत पाहा. ज्या पोर्तुगालने हे घोडे विकून जकात खाल्ली, त्याच पोर्तुगालच्या एका राजाने युरोपातले घोडेस्वारी शिकवणारे अगदी आरंभीचे पुस्तक लिहिले आहे. दों दुआर्ते हा राजा १४३८ मध्ये वारला. त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'कोणत्याही खोगिरावर नीट स्वारी करण्याचे शिक्षण' असा होतो. चांगल्या स्वाराला काय काय यायला हवे हे तो क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, घोड्यावरून पडू नये इतकी पक्की मांड. दुसरी, भीती नसावी. आणि भीती ही केवळ जन्माने जात नाही, ती शिकण्याने आणि सवयीने कमी करता येते, अशा विचाराने त्याने कितीतरी पाने खर्ची घातली आहेत. राजाने असे लिहावे याचे मला फार अप्रूप वाटते. बाकीचे राजे शौर्य रक्तात असते म्हणून सांगत होते. पण हे पुस्तक छापले गेले ते थेट १८४०च्या दशकात. तोवर ते हस्तलिखितातच पडून होते. गोव्यातून घोडे गेले, ही विद्या काही गेली नाही.

म्हणजे आपल्याकडे विद्या नव्हती असे मात्र नाही. शालिहोत्राच्या नावावरचे ग्रंथ होते. बसवकल्याण हे आज बीदर जिल्ह्यातले गाव. तिथे राजधानी असलेल्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात घोडे कसे पारखावेत, कसे फिरवावेत आणि मैदानात घोड्यावरून चेंडूचा खेळ कसा खेळावा याचे प्रकरण आहे. विद्या घाटावर होती आणि जहाजे किनाऱ्यावर लागत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा हिसकावून घेतला. मुसलमान हो, नाहीतर घोडाही गेला आणि वर दंडही, असे त्याला बजावले. एका भल्या माणसाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. पुढे वर्षभर सांभाळून निकितिनने तो बीदरला विकला आणि त्याच्या खाण्यापिण्यावर किती खर्च झाला तेही लिहून ठेवले. घोडा उभा असला तरी खातो, याची नोंद ठेवणारा हा माणूस मला जवळचा वाटतो.

आता शिवकाळाकडे येतो. इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बसून जी बखर लिहिली, तीत महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, असे ते वर चढत जाते. शाळेत आपण एवढेच पाठ करून घेतो आणि परीक्षेत पाच गुण देतो. पण त्याच ठिकाणी सभासद एक साधी ओळ लिहून जातो. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे पाणी आणून घालणारा, आणि नालबंद म्हणजे खूर पाहणारा, नाल ठोकणारा. मी कित्येक वर्षे ही ओळ शिकवत आलो, पण मार्को पोलोच्या शेजारी ठेवून ती कधी वाचली नव्हती. दक्षिणेच्या त्या राजाने हजारो घोड्यांना सोने मोजले आणि एक नालबंद ठेवला नाही. इकडे एका जहागीरदाराच्या मुलाने राज्य उभारताना पंचविसांमागे एक नालबंद हिशेबातच धरला होता.

बारगीर आणि शिलेदार हा भेदही आजच्या पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासद सांगतो की महाराजांनी पागेचे बळ मोठे ठेवले आणि शिलेदारांना पागेच्या हाताखाली दिले. घोडा घरचा आहे म्हणून माणूस मोठा, असा हिशेब ठेवला नाही. ज्याच्यापाशी घोडा नाही त्यालाही स्वार होता आले. माझ्या शाळेतल्या कंडक्टरच्या मुलीचे भाडे भरून घोड्यावर बसणे हे त्या बारगिरीचेच, थोडे महागडे, रूप म्हणता येईल.

चिपळूणजवळ हलवर्ण येथे पागेची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले १६७०च्या दशकातले एक पत्र प्रसिद्धच आहे. 'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका' असा त्याचा सारांश भाषणांतून सांगतात. पण ते पत्र शेवटपर्यंत वाचा. त्यातला मोठा भाग घोड्यांच्या वैरणीचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे-गवत आताच मनमानी खर्चून टाकाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे बजावले आहे. पुढे तर चुली, आगट्या, चिलमी, दिव्यांपर्यंत मजल जाते. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी जळून जातील. राजाने उंदराचा विचार केला आहे! कोकणातल्या पावसात घोडे जगवायचे म्हणजे काय असते हे ज्याला ठाऊक आहे त्याचे हे पत्र आहे.

नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांच्या फौजा आमच्या शेजारच्या बारदेशात शिरल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी डिचोलीजवळ नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचे काम त्यांनी सुरू करविले. तेव्हा ते घोडे याच जांभ्यावरून गेले असणार. संभाजी महाराजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याला आधी फोंड्याहून हटविले आणि मग जुव्याच्या बेटावर गाठले. व्हाइसरॉय जखमी होऊन निसटला. भरतीचे पाणी चढत असताना महाराजांनी पाठलागाच्या आवेशात घोडा नदीत घातला, आणि खंडो बल्लाळाने त्यांना वाचविले, ही कथा परंपरेने सांगतात. मुलांना ती शूर राजाची कथा म्हणून सांगायची हे ठीकच आहे. मला अलीकडे त्या घोड्याचा विचार येतो. खाडीच्या चढत्या पाण्यात मालकाखाली न बिथरणारा घोडा कुणीतरी घडवलेला असतो. त्याला मराठीत शब्द होता, चाबुकस्वार. नवा घोडा फेरून, त्याला कदम आणि दुडकी शिकवून, धन्याच्या मांडीखाली देण्याजोगा करणारा तो चाबुकस्वार. आज हा शब्द फक्त आडनावांत उरला आहे. चाबुकस्वार, नालबंद, पागनीस, शिलेदार. आपल्या हजेरीपटांत ही आडनावे आहेत, सीमाभागात नालबंद तर पुष्कळ. त्या मुलांना विचारा, नावाचा अर्थ काय? माझ्या शाळेत एकानेही सांगितला नाही. एकाने 'नळ बंद करणारा' असे सांगितले.

पुढची कथा आमच्या तालुक्यांची. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणेही गेले. 'नव्या काबिजादी' म्हणून आम्ही ओळखले जाऊ लागलो. सत्तरीच्या राण्यांनी पुन्हा पुन्हा बंडे केली. दीपाजी राण्यांनी जानेवारी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला ते बंड काही वर्षे चालले. राण्यांनी फिरंग्यांवर मिळवलेल्या विजयांची आठवण म्हणून घोडेमोडणी सुरू झाली असे आमच्याकडे सांगतात. तलवारी घरांतल्या कोनाड्यात राहिल्या, घोडे गेले, चाबुकस्वार गेले, आणि घोड्याची चाल तेवढी माणसाच्या पायांत राहून गेली. ती मात्र आम्ही फुकट शिकवतो. काका पुतण्याला शिकवतो, थोरला भाऊ धाकट्याला. फी नाही, पावती नाही. त्या कंडक्टरने बारा वर्षे घोडा नाचवला आहे, तोही त्याच्या चुलत्याकडून शिकून. जिवंत घोड्यावर तो आयुष्यात कधी बसलेला नाही. त्यामुळे घोड्यासाठी पैसे भरायचे हे त्याच्या मनाला पटत नव्हते. आकड्यापेक्षा मला वाटते हेच त्याला अधिक टोचत होते.

सगळीकडेच घोड्याची विद्या अशी विझली नाही. बेळगाव जिल्ह्यात चिकोडीकडे अंकली गाव आहे. तिथल्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालतात. रिंगणात हजारो वारकऱ्यांच्या कड्यातून, टाळ-मृदंगाच्या गजरात माउलींचा अश्व पाठीवर कुणी नसताना धावतो. मी ते एकदा पाहिले आहे. आमच्या गावच्या जत्रेत फटाका वाजला तर बैल दावे तोडतो. इतक्या माणसांत एक घोडा शांतपणे फेरी पुरी करतो, तेव्हा त्यामागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते. अर्धा गाव कन्नड बोलतो, अर्धा मराठी, घोड्याला दोन्ही कळत असावे.

हल्लीच्या काळाचे म्हणाल तर विनामूल्य शिकण्याचे मार्ग आहेत, पण अरुंद. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवतात. एन.सी.सी.मध्ये रिमाउंट अँड व्हेटरनरी अशी एक शाखा आहे, तिथे कॅडेटांना घोड्यावर बसता येते. पण अशी पथके मोजक्या ठिकाणी, पेडण्याच्या मुलीला ती कुठली? वरच्या टोकाला पाहिले तर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले १९८२नंतरचे, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी आलेले सोने. त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. या मुलांनी वर्षानुवर्षे परदेशांत राहून शिक्षण घेतले होते. तो खर्च कंडक्टरच्या आवाक्यातला नाही, हे त्याला मी स्पष्ट सांगणार होतो. पदकासाठी पैसे घालायचे असतील तर घालू नकोस.

दोन दिवसांनी तो आला, तेव्हा मी त्याला म्हटले, आधी ती जागा पाहून येऊ. रविवारी आम्ही दोघे त्याच्या स्कूटरवर गेलो. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीचे आणि माणसांचे भाव इतके बदलले आहेत की किनाऱ्याकडच्या रस्त्याने जाताना मला दरवेळी वाट चुकल्यासारखे वाटते. किनाऱ्यावर आश्वें नावाचे गाव लागते. त्याचा अश्वाशी काही संबंध असेल असा मोह मला पुष्कळ वर्षे होता, पण पुरावा नसताना व्युत्पत्ती सांगू नये ही शिस्त मी विद्यार्थ्यांना लावतो, तेव्हा गप्प बसलो.

तबेल्यात चार घोडे होते. कंडक्टर घोड्यांच्या तोंडाकडे पाहत होता आणि मी पायांकडे. सभासदाने मला तेवढे शिकवले होते. खूर साफ होते, नाल नवे. जमीन कोरडी होती, पावसाळ्यासाठी फळ्यांचा उंच ओटा केलेला. पाणी होते. चंदी वेगळ्या पेटीत झाकून ठेवलेली, आणि हो, दिवा गवतापासून दूर. शिकवणारा माणूस चाळिशीचा होता. मी त्याला विचारले, मुलांना घोड्यावर कधी बसवता? तो म्हणाला, आधी आठ दिवस घोडा ओळखायचा. खरारा करायचा, खूर उचलून साफ करायचे, खोगीर घालायला शिकायचे, मग बसायचे. कंडक्टरचा चेहरा उतरला. आठ दिवस बसायचेच नाही, आणि पैसे मात्र पहिल्या दिवसापासून? तो माणूस शांतपणे म्हणाला, घोडा पहिल्या दिवसापासून खातो.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी झेनोफोन नावाचा ग्रीक सरदार घोड्यांवर एक छोटा ग्रंथ लिहून गेला. त्यात तो म्हणतो की शिंगरू शिकवायला दुसऱ्याकडे द्यायचे तर मुलाला एखादा धंदा शिकायला ठेवतो तसे द्यावे, आणि परत येताना त्याला काय काय यायला हवे ते आधीच लेखी ठरवून घ्यावे. मी कंडक्टरला बाजूला घेऊन हे सांगितले. आम्ही दोघांनी मग वहीच्या पानावर लिहून घेतले. तीन महिन्यांत मुलीला घोड्याला खोगीर-लगाम घालता यावा, एकटीने कदम आणि दुडकी चालवता यावी, खुरात खडा अडकला तर काढता यावा, आणि घोडा आजारी आहे हे त्याच्या उभे राहण्यावरून ओळखता यावे. डोक्यावर कडक टोपी घातल्याशिवाय बसवायचे नाही. शिकवणाऱ्याने ते वाचले, एक कलम स्वतःहून जोडले. तिला पडता यावे. मी त्याला विचारले नाही की त्याने दुआर्ते वाचला आहे का. माझा कणीसवालीपुढचा प्रसंग मात्र मी त्याला सांगून टाकला. तो फारसा हसला नाही. म्हणाला, दोर सोडून जाणाऱ्याला घोड्यावर दुसऱ्याला बसवायचा हक्क नाही.

कंडक्टरने पहिल्या महिन्याचे पैसे दिले. नोटा मोजताना त्याचे ओठ हलत होते.

नंतरच्या सोमवारी प्रार्थना संपल्यावर तो ऑफिसच्या दारात उभा. बसचा गणवेश, हातात तिकिटांचे मशीन. तक्रार घेऊन आला होता. "सर, पयल्या दिसा घोड्यार बसयलेंच ना. लीद काडूंक लायली!" त्याच्या मागे मुलगी होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, आणि हातांना अजून तबेल्याचा वास. मी तिला विचारले, मग, आवडले नाही? ती म्हणाली, "सर, एकाचा मागचा डावा नाल ढिला झालाय. मी सांगितलं त्यांना."

बापाला बसची वेळ झाली होती. तो तसाच निघून गेला. दुसऱ्या महिन्याचे पैसे त्याने तारखेच्या आधी भरले हे मला शिकवणाऱ्याकडून कळले.